प्रोग्राम चालू होतो पण विंडो स्क्रीनच्या बाहेर उघडते, आत कशी आणायची?

पेन्सिल

नमस्कार मंडळी, कोणाला माहीत असेल तर प्लीज सांगा, काम पूर्ण अडलंय.

लॅपटॉप आहे, विंडोज ११. इतके दिवस त्याच्या डावीकडे एक मोठा मॉनिटर जोडलेला असायचा आणि बिलं बनवायचा एक जुना छोटासा प्रोग्राम मी कायम त्या डावीकडच्या मॉनिटरवर उघडा ठेवायचे. आता तो मॉनिटर काढलाय, नुसता लॅपटॉपच वापरतेय. तेव्हापासून हा प्रोग्राम उघडला की खाली टास्कबारवर आयकॉन येतो, आयकॉनखाली रेघ पण येते म्हणजे चालू आहे, आयकॉनवर माउस नेला की वर छोटं चित्र दिसतं आणि त्या चित्रात सगळं जिथल्या तिथे दिसतं, अर्धवट राहिलेलं बिल सुद्धा. पण प्रत्यक्ष स्क्रीनवर काहीही नाही!! आयकॉनवर क्लिक करून झालं, डबल क्लिक करून झालं.

काय काय केलं ते लिहिते म्हणजे परत तेच कोणी सुचवणार नाही. कॉम्प्युटर रीस्टार्ट केला. विंडोजची की आणि डावा उजवा बाण दाबून बघितला, बाकीच्या सगळ्या विंडो हलतात, हीच हलत नाही. विंडोज की आणि वरचा बाण, त्यानेही मोठी होत नाही. शेवटी प्रोग्राम अनइन्स्टॉल करून परत टाकला, म्हटलं आता तरी सगळं कोरं होईल, तर नवीन टाकलेला प्रोग्रामपण तिथेच बाहेर जाऊन बसला. हे मला सगळ्यात जास्त कोड्यात टाकणारं आहे की नवा टाकलेला प्रोग्राम जुन्या जागी कसा काय गेला.

बिलांचा डेटा आत आहे त्यामुळे फॉरमॅट वगैरे सुचवू नका प्लीज.

रात्रपाळी

विंडोज + शिफ्ट + डावा बाण. नाहीतर उजवा. एका मॉनिटरवरची विंडो दुसऱ्यावर उडी मारते.

पेन्सिल

रात्रपाळी, लगेच करून बघितलं, काहीच होत नाही. धन्यवाद पण.

दशमान

पेन्सिल ताई, ती की दोन मॉनिटर जोडलेले असतानाच उपयोगी पडते, तुमच्याकडे आता एकच आहे म्हणून काही झालं नाही. आणि विंडोज की अधिक बाण का चालला नाही त्याचंही कारण सांगतो, जुन्या छोट्या प्रोग्रामांच्या विंडोचा आकार बऱ्याचदा फिक्स असतो, कडेला धरून लहानमोठी करता येत नाही. अशा विंडोला विंडोज अर्ध्या स्क्रीनला चिकटवत पण नाही आणि मॅक्सिमाइझ पण करत नाही. म्हणजे तुमच्या कॉम्प्युटरमध्ये बिघाड नाही, आणि प्रोग्रामही मोडलेला नाही. विंडो जिवंत आहे, फक्त जिथे काच नाही अशा जागी उभी आहे.

आता कीबोर्डने तिला धरून आत आणू. सावकाश करा, प्रत्येक पायरीला महत्त्व आहे.

आधी प्रोग्रामच्या टास्कबारवरच्या आयकॉनवर एकदा क्लिक करा किंवा आल्ट टॅबने त्याच्यावर या, म्हणजे कीबोर्डचा ताबा त्या विंडोकडे जाईल. हे झालं नाही तर पुढचं सगळं भलत्याच विंडोला लागू होतं आणि लोकांना वाटतं की उपाय चालत नाही. मग आल्ट दाबून ठेवून स्पेस बार दाबा. यामुळे त्या विंडोच्या डाव्या वरच्या कोपऱ्यातला मेनू उघडतो, रिस्टोअर, मूव्ह, साइझ, मिनिमाइझ, मॅक्सिमाइझ, क्लोज असा. विंडो बाहेर असल्यामुळे मेनू दिसेल किंवा दिसणारही नाही, घाबरू नका, तो उघडलेला असतो. आता एम दाबा, म्हणजे मूव्ह. आणि आता खरी गंमत, माउसला हात लावायच्या आधी कोणताही एक बाण एकदा दाबा. तुमची विंडो डावीकडे गेलीये म्हणून उजवा बाण दाबा. हा एक बाण दाबला की विंडो माउसच्या कर्सरला चिकटते. मग माउस हळूच स्क्रीनच्या मध्यात आणा, विंडो त्याच्याबरोबर येते. आली की एक क्लिक करा नाहीतर एंटर दाबा, तिथे ती सुटते.

माउस नको असेल तर नुसता उजवा बाण दाबून धरून ठेवा, थोडा वेळ लागतो पण विंडो सरकत सरकत आत येते. मधेच गोंधळ झाला तर एस्केप दाबा, विंडो होती तिथे परत जाते, नुकसान काही नाही.

अजून एक, जर कीबोर्ड मराठीवर ठेवलेला असेल तर आधी इंग्रजीवर आणा (विंडोज + स्पेस), कारण मेनूला एम हवा असतो आणि मराठी लेआउटमध्ये त्या बटणावर दुसरंच अक्षर असतं. किंवा विंडोजची भाषाच वेगळी असेल तर मूव्हचं अक्षरही वेगळं असू शकतं. अशा वेळी मेनू दिसत असेल तर अक्षराच्या नादी न लागता खालच्या बाणाने मूव्हवर जाऊन एंटर.

पेन्सिल

दशमान दादा, इतकं नीट लिहिलंत त्याबद्दल खूप आभार. पण दोन अडचणी आल्या. एक म्हणजे आल्ट स्पेस दाबलं की मेनूऐवजी स्क्रीनच्या मधोमध एक शोधायची पट्टी उघडते, टाइप करा वगैरे. दुसरं, मग मी आयकॉनवरच्या त्या छोट्या चित्रावर राइट क्लिक केलं तर तुम्ही म्हणताय तसाच मेनू आला, पण त्यात मूव्ह फिकट आहे, क्लिकच होत नाही. साइझ पण फिकट.

दशमान

दोन्हीला उत्तर आहे.

शोधपट्टी येतेय म्हणजे दुसऱ्या कुठल्यातरी प्रोग्रामने आल्ट स्पेस हा शॉर्टकट स्वतःकडे घेतलाय. पॉवरटॉइज (मायक्रोसॉफ्टचाच जादा सोयींचा प्रोग्राम) टाकलंय का तुम्ही? त्यातल्या रन नावाच्या भागाला हाच शॉर्टकट आपोआप लागलेला असतो. पॉवरटॉइजच्या सेटिंगमध्ये जाऊन तो बदलता येतो, पण आत्ता ते नको, तुम्हाला छोट्या चित्रावरचा मेनू सापडलाय तो अगदी तोच मेनू आहे. आयकॉनवर शिफ्ट धरून राइट क्लिक केलं तरी तोच येतो.

मूव्ह फिकट दिसतो तो दोनच वेळा, एकतर विंडो मॅक्सिमाइझ असते नाहीतर मिनिमाइझ. तुमच्या विंडोचा आकार फिक्स आहे म्हणजे मॅक्सिमाइझ नाही. तर ती मिनिमाइझ झालीये. टास्कबारच्या आयकॉनवर क्लिक केलं की उघडलेली विंडो खाली जाते, परत क्लिक केलं की वर येते, आणि विंडो दिसतच नसल्यामुळे आत्ता ती वर आहे का खाली हे कळायला मार्ग नसतो. त्याच मेनूत रिस्टोअर ठळक दिसत असेल, ते दाबा. मेनू बंद होईल, स्क्रीनवर काही बदलणार नाही. मग परत चित्रावर राइट क्लिक, आता मूव्ह ठळक असेल. मूव्ह, उजवा बाण एकदा, माउस, क्लिक.

पेन्सिल

आली!!!! रिस्टोअर केल्यावर मूव्ह लागलं आणि बाण दाबल्याबरोबर कर्सरला चिकटून आली. बिल पण जसंच्या तसं आहे. खरंच खूप खूप आभार.

पण नवीन टाकलेला प्रोग्राम जुन्या जागी कसा गेला हे कोणी सांगेल का, मला ते समजून घ्यायचंय.

निळी शाई

सांगते. मी हेच काम करते, विंडोजवर चालणारे प्रोग्राम लिहिते, त्यामुळे थोडं मोठं होईल.

विंडोजच्या लेखी स्क्रीन म्हणजे आकड्यांचा एक पट. मुख्य मॉनिटरचा डावा वरचा कोपरा म्हणजे शून्य, शून्य. तिथून उजवीकडे जाताना एक्स वाढतो, खाली जाताना वाय वाढतो. तुमच्या लॅपटॉपचं रिझोल्यूशन समजा १९२० बाय १०८० असेल तर एक्स ० ते १९१९ आणि वाय ० ते १०७९. आता डावीकडे दुसरा मॉनिटर लावला की त्याला आकडे कुठून द्यायचे? शून्याच्या अलीकडचे, म्हणजे उणे. तो पण १९२० रुंद असेल तर त्याचा एक्स -१९२० ते -१ असा असतो.

बरेच प्रोग्राम बंद होताना आपली विंडो कुठे होती ते आकडे लिहून ठेवतात म्हणजे पुढच्या वेळी वापरणाऱ्याला तीच जागा मिळावी. हेतू चांगला आहे. पण तुमच्या प्रोग्रामने समजा एक्स -१४८० असा लिहून ठेवला आणि विंडो ६४० रुंद आहे, तर ती -१४८० पासून -८४० पर्यंत पसरते. मॉनिटर होता तोपर्यंत बरोबर. मॉनिटर काढला की त्या आकड्यांच्या जागी दिसायला काहीच उरत नाही, पण आकडा मात्र फाइलमध्ये तसाच आहे आणि प्रोग्राम इमानदारीने तिथेच जाऊन उघडतो.

आणि हा आकडा प्रोग्रामच्या फोल्डरमध्ये नसतो, तुमच्या युजर अकाउंटच्या खात्यात असतो. एकतर रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोज आणि प्रोग्राम आपली सेटिंग जिथे साठवतात त्या नोंदवहीत, नाहीतर ॲपडेटा नावाच्या लपवलेल्या फोल्डरमध्ये एखाद्या आयएनआय, एक्सएमएल किंवा जेसन फाइलमध्ये. अनइन्स्टॉल करताना प्रोग्रामच्या फाइली जातात पण युजरची सेटिंग बहुतेक वेळा मुद्दाम मागे ठेवली जातात, म्हणजे उद्या नवीन आवृत्ती टाकली तर माणसाला सगळं परत सेट करायला लागू नये. म्हणून तुम्ही परत टाकलेल्या प्रोग्रामने तीच जुनी नोंद वाचली. असल्या तक्रारीला अनइन्स्टॉल करून परत टाका हे उत्तर जिथे तिथे दिलं जातं आणि मला त्याचा फार राग येतो, कारण त्याने जागा सुधारत नाही आणि माणसाचा वेळ जातो, वर डेटाला धोका.

यात खरा दोष प्रोग्राम लिहिणाऱ्याचा असतो. विंडोजमध्ये विंडोची जागा परत लावायची एक सोय आहे, सेटविंडोप्लेसमेंट नावाची, ती वापरली आणि दिलेली जागा पूर्ण स्क्रीनबाहेर असेल तर विंडोज स्वतःच ती आत ओढून घेतं. पण पुष्कळजण नुसते एक्स वाय वाचून विंडो तिथे नेऊन ठेवतात, आत्ता तिथे मॉनिटर आहे का हे विचारतच नाहीत. विचारायला चार ओळी लागतात हो!

याचाच एक भाऊबंद आहे. विंडो मिनिमाइझ केली की विंडोज तिला आतल्या आत -३२०००, -३२००० या जागी नेऊन ठेवतं. प्रोग्राम मिनिमाइझ असतानाच बंद केला आणि लिहिणाऱ्याने ती स्थिती तपासली नसेल तर तो हाच आकडा जागा म्हणून लिहून ठेवतो. म्हणजे ज्यांनी आयुष्यात दुसरा मॉनिटर लावला नाही त्यांच्याकडेही विंडो गायब होते ती यामुळे.

खडूफळा

टास्कबारच्या मोकळ्या जागेवर राइट क्लिक करून कॅस्केड विंडोज केलं की सगळ्या विंडो एकाखाली एक आत येतात, एवढं सगळं करायची गरजच नाही. मी कायम तेच करतो.

रात्रपाळी

खडूफळा, ते विंडोज १० पर्यंत. ११ मध्ये टास्कबारवरून काढून टाकलंय. त्यांच्याकडे ११ आहे.

दशमान

आणि १० मध्येही लक्षात ठेवायची गोष्ट म्हणजे मिनिमाइझ असलेल्या विंडोला कॅस्केड हात लावत नाही. म्हणजे पेन्सिल ताईंसारखी परिस्थिती असती तर बाकी सगळ्या विंडो हलल्या असत्या आणि हवी ती राहिली असती. पण १० वाल्यांना उपाय चांगला आहे, हे नक्की.

पेन्सिल

निळी शाई ताई, आत्ता डोक्यात प्रकाश पडला, इतकं सोपं करून कोणी सांगितलं नव्हतं.

पण मंडळी परत तेच झालंय. विंडो आत आणली, काम केलं, आज परत उघडला तर परत बाहेर. परत मूव्हने आणली. रोज असंच करायचं का? मॉनिटर काढल्यापासून हा प्रोग्राम दिसतच नसल्यामुळे मी तो टास्क मॅनेजरमधून एंड टास्क करून बंद करत होते आणि काल पण सवयीने तसाच बंद केला, त्याचा काही संबंध असेल का?

निळी शाई

तिथेच आहे सगळं! मी वर लिहिलं ना की प्रोग्राम बंद होताना आकडे लिहितो. एंड टास्क म्हणजे त्याला बंद व्हायची संधीच न देता थांबवणं, नवीन जागा लिहायची वेळच येत नाही. मग पुढच्या वेळी तोच जुना -१४८० की काय तो आकडा वाचला जातो. तर आज असं करा, विंडो आत आणा, मध्यात ठेवा, मिनिमाइझ करू नका, आणि त्याच अवस्थेत प्रोग्रामच्या स्वतःच्या फाइल मेनूतून एक्झिट करा किंवा कोपऱ्यातल्या फुलीने बंद करा. मग परत उघडून बघा.

काही प्रोग्राम असे असतात की फुली मारली तरी पूर्ण बंद होत नाहीत, खाली घड्याळाशेजारी जाऊन बसतात. तसा असेल तर तिथल्या आयकॉनवर राइट क्लिक करून एक्झिट करा.

इतकं करूनही बाहेरच गेला तर मग त्या नोंदीलाच हात घालावा लागेल. विंडोज + आर दाबून त्यात टक्केचं चिन्ह, ॲपडेटा (इंग्रजीत, मधे जागा न सोडता), परत टक्केचं चिन्ह असं टाइप करून एंटर दिलं की ते लपवलेलं फोल्डर उघडतं. त्यात प्रोग्रामच्या किंवा तो बनवणाऱ्याच्या नावाचं फोल्डर शोधा. आत आयएनआय किंवा एक्सएमएल फाइल असेल तर आधी तिची एक कॉपी डेस्कटॉपवर काढून ठेवा, मग नोटपॅडमध्ये उघडा आणि लेफ्ट, टॉप किंवा एक्स, वाय अशा नावापुढे उणे आकडा दिसतोय का बघा. नोटपॅड प्लस प्लस हा प्रोग्राम याचं चांगलं उदाहरण आहे, त्याच्या कॉन्फिग एक्सएमएल फाइलमध्ये ॲपपोझिशन नावाची एक ओळ असते, त्यात एक्स, वाय, रुंदी, उंची चारही आकडे उघड लिहिलेले सापडतात. तुमच्या प्रोग्रामची फाइल थोडीफार तशीच असेल. उणे आकडा खोडून १०० लिहा, सेव्ह करा.

हे करताना प्रोग्राम बंद पाहिजे, हे फार महत्त्वाचं. चालू असताना तुम्ही फाइल बदललीत तर तो बंद होताना आपल्याकडचा जुना आकडा परत त्याच्यावर लिहून टाकतो आणि तुमची दुरुस्ती पुसली जाते.

रजिस्ट्रीत असेल तर विचारून करा, एकट्याने करू नका. तिथे काही बदलायच्या आधी प्रोग्रामच्या नावाची ती शाखा एक्स्पोर्ट करून ठेवायची, म्हणजे बिघडलं तर त्या फाइलवर डबल क्लिक करून परत आणता येते. आणि बिलांच्या डेटाची फाइल वेगळी असते, ती कुठे आहे ते बघून तिचीही एक कॉपी पेनड्राइव्हवर घेऊन ठेवा, विंडोचा प्रश्न सुटो न सुटो.

पेन्सिल

फाइल मेनूतून एक्झिट केलं आणि परत उघडला, मध्येच उघडला!! कॉम्प्युटर बंद करून परत चालू करून पण बघितलं, तिथेच आहे. फाइल उघडायची गरज पडली नाही, पण डेटाची कॉपी घेतली.

तळटीप

धागा वाचून आशा वाटली म्हणून विचारतो. माझ्याकडे मॉनिटर काढलेला नाही, कॉम्प्युटर एकच, आणि तरीही काही विंडो अर्ध्याच दिसतात, अर्ध्या उजवीकडे बाहेर. कर्सर पण उजव्या कडेवरून बाहेर निघून जातो आणि दिसेनासा होतो. नवीन उघडलेल्या विंडो पण कधीकधी सापडत नाहीत.

दशमान

कर्सर कडेवर अडत नाही आणि बाहेर जातो म्हणजे विंडोजला तिथे अजून एक मॉनिटर आहे असं वाटतंय. एचडीएमआयने टीव्ही किंवा प्रोजेक्टर जोडलेला आहे का? टीव्ही बंद असला तरी केबल लागलेली असेल तर पुष्कळ वेळा तो मॉनिटर म्हणून हजरच असतो. डेस्कटॉपवर राइट क्लिक करून डिस्प्ले सेटिंग उघडा, वर १ आणि २ असे दोन चौकोन दिसतायत का बघा. दिसत असतील तर २ वर क्लिक करून खाली यादीत डिस्कनेक्ट धिस डिस्प्ले निवडा. किंवा विंडोज + पी दाबून पहिला पर्याय, पीसी स्क्रीन ओन्ली. हे केलं की बाहेर गेलेल्या बहुतेक विंडो आपणहून आत येतात.

तळटीप

बरोब्बर, टीव्हीची केबल मागे लागलेली होती, वापर नाही काही. विंडोज पी ने झालं. धन्यवाद.

निळी शाई

यावरून आठवलं, विंडोज ११ मध्ये त्याच डिस्प्ले सेटिंगमध्ये खाली मल्टिपल डिस्प्लेज उघडलं की रिमेंबर विंडो लोकेशन्स बेस्ड ऑन मॉनिटर कनेक्शन असा एक पर्याय आहे. जे लोक लॅपटॉप रोज मॉनिटरला लावतात आणि काढतात त्यांनी तो चालू ठेवावा, उघड्या विंडो मॉनिटर परत लावल्यावर आपल्या जागी जातात. पण तो फक्त उघड्या विंडोंचं बघतो, प्रोग्रामने स्वतःच्या फाइलमध्ये जो आकडा लिहून ठेवलाय त्याला हे सेटिंग काही करत नाही.

आणि त्याच पानावर दोन मॉनिटर असताना चौकोन ओढून खरे मॉनिटर टेबलावर जसे ठेवलेत तसे लावून घ्या. वरखाली तिरपे राहिले असतील तर विंडोची टायटल बार, म्हणजे जिथे धरून आपण ओढतो ती वरची पट्टी, कधीकधी कडेच्या वर जाऊन अडकते आणि विंडो दिसते पण धरता येत नाही. त्यालाही तोच आल्ट स्पेस, एम चालतो.

पाटीपुस्तक

माझं थोडं वेगळं आहे. मुख्य विंडो दिसते, पण प्रिंट दाबलं की सगळं गोठतं. कुठेही क्लिक केलं की नुसता टण्ण आवाज येतो. प्रोग्राम हँग झाला म्हणून बंद करते आणि न साठवलेलं सगळं जातं. दुसऱ्या मॉनिटरवरून लॅपटॉपवर आल्यापासूनच होतंय.

दशमान

पाटीपुस्तक, बंद करू नका! हँग नाहीये तो. प्रिंटचा डायलॉग बॉक्स उघडलाय पण स्क्रीनच्या बाहेर, आणि तो बंद होईपर्यंत मुख्य विंडो काही ऐकत नाही. तो टण्ण आवाज म्हणजे हेच सांगणं की आधी त्या बॉक्सला उत्तर द्या. खरोखर हँग झालेला प्रोग्राम असा आवाज करत नाही, तो थोड्या वेळाने पांढुरका पडतो आणि वर नॉट रिस्पॉन्डिंग येतं, हा फरक लक्षात ठेवा.

पुढच्या वेळी असं झालं की आधी एस्केप दाबा. बॉक्स बंद होईल, मुख्य विंडो मोकळी होईल, पहिलं काम म्हणजे सेव्ह करा. मग परत प्रिंट दाबा आणि माउसने कुठेही क्लिक न करता लगेच आल्ट स्पेस, एम, एक बाण, मग माउस. बॉक्स उघडला की कीबोर्डचा ताबा आपोआप त्याच्याकडेच असतो, त्यामुळे टास्कबारवर जायची गरज नाही, आणि तसंही अशा बॉक्सचा वेगळा आयकॉन टास्कबारवर नसतोच.

पाटीपुस्तक

एस्केपने सुटलं आणि सेव्ह झालं! बॉक्स वरच्या बाजूला गेला होता, खालचा बाण दाबल्यावर आला. मी इतके दिवस प्रोग्रामला दोष देत होते.

खडूफळा

लिनक्सवर काय करायचं हे पण इथेच लिहून ठेवा कोणीतरी, म्हणजे सगळं एका जागी राहील.

रात्रपाळी

आल्ट + एफ७, मग बाण किंवा माउस. ग्नोम, एक्सएफसीई, सिनॅमन या लिनक्सच्या डेस्कटॉपांवर सगळीकडे तेच. विंडोचा थोडा भाग जरी दिसत असला तरी ग्नोममध्ये सुपर की (म्हणजे विंडोजचीच की) दाबून ठेवून आणि एक्सएफसीईत आल्ट दाबून ठेवून कुठेही धरून ओढता येते, टायटल बार लागत नाही. आणि वेलँड (लिनक्सची स्क्रीनवर विंडो दाखवायची नवी पद्धत) वापरत असाल तर तिथे प्रोग्रामला स्वतःची जागा ठरवताच येत नाही, ते काम डेस्कटॉप करतो, त्यामुळे ही भानगड फारशी होत नाही.

मॅकवर प्रोग्रामला पुढे आणून वरच्या विंडो मेनूतून झूम. मॅकओएस १५ पासून त्याच मेनूत मूव्ह ॲण्ड रिसाइझ पण आहे.

उजळणी

आणि रिमोट डेस्कटॉपवर? मी ऑफिसच्या कॉम्प्युटरला घरून जोडते, तिथे दोन मॉनिटर आहेत, इथे एकच. आल्ट स्पेस दाबलं की माझ्याच इथल्या विंडोचा मेनू उघडतो, तिकडच्या नाही.

निळी शाई

रिमोट डेस्कटॉप विंडोत उघडलेलं असेल तर आल्ट स्पेस इथलाच कॉम्प्युटर खातो. त्याच्यासाठी वेगळी जोडी ठेवलेली आहे, आल्ट + डिलीट. तिकडच्या विंडोवर ताबा नेऊन ती दाबा, मग नेहमीप्रमाणे एम आणि बाण. किंवा रिमोट फुल स्क्रीन करा, मग नेहमीचा आल्ट स्पेसही तिकडे जातो, जोडताना लोकल रिसोर्सेसमध्ये कीबोर्डचं सेटिंग बदललेलं नसेल तर.

उजळणी

आल्ट डिलीटने मेनू तिकडचा उघडला. विंडो आली, आत आणून एक्झिट पण केली.